एका युद्धाची दोन भाषणं

या प्रवासाबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे. आमच्या कॉलेजच्या वार्षिकात ते छापूनही आलं. त्यात प्रवरेचं पाणी होतं, जामखेडकडची भाकरी होती, खर्ड्याचा किल्ला होता, लोकांचा पाहुणचार होता. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त जे घडलं ते त्यात नव्हतं. वाचून दोघातिघांनी फोन केले, छान फिरून आलात म्हणाले. मी हो म्हणालो. तेव्हापासून ते लिखाण मला घरात असलेलं सहन होत नाही. म्हणून हे दुसऱ्यांदा लिहितो आहे.

मी नगरला इतिहास शिकवतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं. आमच्या घरात दोन पिढ्या मास्तर आणि कारकून, त्याआधी भिक्षुकी. थोडक्यात, समोरच्याचा चेहरा बघून बोलायचं वळण घरातलंच. माझा विषय अमेरिकेचं यादवी युद्ध. गुलामीच्या प्रश्नावर तो देश उत्तर आणि दक्षिण असा कसा दुभंगत गेला, यावर मी बरं बोलतो असं लोक म्हणतात. एप्रिलमध्ये, जयंतीच्या आठवड्यात, आमच्याकडे गावोगाव व्याख्यानमाला असतात. त्या वर्षी मला तीन बोलावणी आली. कोल्हार, सोनई, आणि खर्ड्याच्या पुढचं एक लहान गाव. त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. त्या लोकांचं माझ्यामुळे जेवढं व्हायचं तेवढं झालं आहे.

कोल्हार

कोल्हारला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पुलावरून खाली प्रवरा दिसते. एप्रिलातही पात्रात थोडं पाणी होतं आणि काठाने उसाचा गारवा होता. यजमान स्टँडवर घ्यायला आले होते. आधी त्यांनी भेळ खायला घातली, मग घरी नेलं, मग सभागृहात. वाटेत एवढंच म्हणाले, "सर, आज मंडळी सगळी मोठी आहेत बरं का. बागायतदार, पेन्शनर, दोन-तीन कारखान्यातले."

हे वाक्य मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. त्यात कसलीही सूचना नव्हती. ते कौतुकाने सांगत होते. अमुक बोलू नका असं मला कुणीही म्हणालं नाही.

माझं भाषण एकच असतं, पानं मात्र मी समोर बघून कमीजास्त करतो. समोर इस्त्रीचे पांढरे कपडे होते, पुढच्या रांगेत सोफे होते. मी उत्तरेतले कारखाने सांगितले, दक्षिणेतला कापूस सांगितला, जकातीचं भांडण सांगितलं. राज्यांचे हक्क मोठे की केंद्र मोठं, हा मूळ वाद होता म्हणालो. आणि आवाज जरा खाली आणून म्हणालो, "गुलामी हे निमित्त झालं." 

जी दोन पानं मी उलटली नाहीत त्यांत काय होतं ते सांगतो. दक्षिणेतली राज्यं देशातून फुटून निघाली तेव्हा आपण का निघतोय याची कारणं त्यांतल्या काही राज्यांनी स्वतःच लिहून जाहीर केली होती. आणि त्यांत गुलामीचं नाव अगदी उघड, वरच्या ओळींतच आहे. हक्कांची भाषा जोरात सुरू झाली ती हरल्यावर, नातवंडांना सांगायला बरी म्हणून. हे मला गेली वीस-बावीस वर्षं पाठ आहे.

टाळ्या छान पडल्या. शाल मिळाली. एक पेन्शनर गृहस्थ हात हातात घेऊन म्हणाले, "नाहीतर हल्ली कुठेही जा, तेच ते. तुम्ही समतोल बोललात." यजमानांच्या घरून कैरीच्या लोणच्याची बाटली मिळाली. आमच्या नगरात पाहुण्याला शाल आणि नारळ देऊन वाटेला लावतात, इथे वर बाटलीही देतात म्हणून मला फार बरं वाटलं.

सोनई

दुसऱ्या दिवशी सोनईला वस्तीतल्या विहारात भाषण होतं. बाजाराचं मोठं गाव आहे, स्टँडवर कांद्याच्या गोण्यांचे टेम्पो लागलेले होते. विहारात बाया पुढे बसल्या होत्या, पुरुष मागे, पोरं कडेने उभी. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. असं लक्ष मला वर्गात मिळत नाही.

तिथे मी ती दोन पानं उलटली, आणि पदरचंही घातलं. नवं राज्य देशात आलं की ते गुलामीचं की बिनगुलामीचं, यावर दर वेळी कशी मारामारी व्हायची ते सांगितलं. नकाशावर रेघ ओढून वरचं तुमचं आणि खालचं आमचं अशी तडजोड कशी केली, आणि ती रेघ कशी टिकली नाही. पळून उत्तरेत आलेल्या माणसाला पकडून परत द्यायचा कायदा कसा झाला, आणि त्या कायद्याने उत्तरेतल्या गप्प बसणाऱ्यांच्या दारात ते पाप कसं आणून ठेवलं. कॅन्ससमध्ये दोन्हीकडचे लोक जाऊन राहिले आणि युद्ध जाहीर व्हायच्या कितीतरी आधी एकमेकांना कसे मारत सुटले. शेवटी चढ्या आवाजात म्हणालो, "लढाई गुलामीवरूनच झाली. जे आजही हक्कांची लढाई म्हणतात ते आपल्या आजोबांची अब्रू झाकतात."

आदल्या दिवशी हक्कांची लढाई असं मीच म्हणालो होतो. टाळ्या वाजत असताना मला ते आठवलं, आणि टाळ्या थांबेपर्यंत मी ते विसरलो. दोन्ही ठिकाणी पोरांनी मोबाईलवर भाषण घेतलं होतं. मला त्याचा आनंदच झाला होता.

खर्ड्याच्या पुढे

नगर मागे टाकून पूर्वेला निघालं की ऊस मागे राहतो. जमीन फिकट होत जाते, बाभळी आणि मोकळी रानं. जामखेडला मिलिंद सर त्यांची जुनी ओम्नी घेऊन आले होते. हे त्या लहान गावातल्या शाळेत शिक्षक, चाळिशीतले, वस्तीतले. हळू बोलणारा माणूस. गाडीत बॅग ठेवताना कळलं की लोणच्याची बाटली फुटली आहे. तिन्ही सदरे तेलाने माखलेले, वास सगळ्या गाडीत. "कोल्हारचं दिसतंय," ते म्हणाले. "काच खाली घेतो." मग संध्याकाळी मी त्यांचाच पांढरा शर्ट घालून व्यासपीठावर गेलो. तो मला खांद्यात घट्ट होत होता.

वाटेत त्यांनी गावची हकीकत सांगितली. काही वर्षांपूर्वी जयंतीची मिरवणूक देवळापुढून न्यायची की नाही यावरून गाव आणि वस्ती यांचं तुटलं होतं. दुकानं बंद, पिठाची गिरणी बंद, एकमेकांच्या रानातून वाट बंद. मग मिलिंद सर आणि गावातले बबनअण्णा, दोघांनी मिळून ही व्याख्यानमाला काढली. एक दिवस देवळापुढे, एक दिवस विहारापुढे, सगळे एकत्र. शेवटच्या दिवशी मिरवणूक निघते तेव्हा बबनअण्णा सगळ्यांच्या पुढे चालतात, आणि ते पुढे असले की देवळापाशी कुणी आडवं येत नाही.

"आणि प्रश्नोत्तरांची आमची एक पद्धत आहे," मिलिंद सर म्हणाले. "वस्तीचा प्रश्न अण्णा विचारतात. गावाचा प्रश्न मी विचारतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या माणसाचा प्रश्न आपण नाही विचारायचा. समोरच्याचा विचारायचा. आणि नीट विचारायचा, कमी न करता. पहिल्या वर्षी अण्णांची जीभ अडखळली होती. आता सवय झालीय."

अशी रीत मी कुठेच पाहिलेली नव्हती. आमच्या शहरातल्या सभांत आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. मी म्हणालो, यावर लिहिलं पाहिजे. आधीच्या लिखाणात ही रीत मी कौतुकाने लिहिलीही आहे. ती मोडली, एवढंच लिहिलं नाही.

जेवण मिलिंद सरांच्या घरी होतं. त्यांच्या आईने ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या. डाळीची झणझणीत आमटी, ठेचा, कांदा. वाढताना त्यांनी विचारलं, "आमच्यातलं चालतं नव्हं तुमाला?" मी "अहो, असं काय विचारता" म्हणालो आणि मागून मागून जेवलो. मी जेवतोय याचं मला मनातल्या मनात कौतुक वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

तेवढ्यात बबनअण्णा आले. साठीचे, उंच, डोक्यावर टोपी. आल्या आल्या ताटाकडे बघून म्हणाले, "वैनी, सरास्नी आमटी कमी वाढा. पानी पीत बसतील आन भाषण ऱ्हाईल." मग स्वतः बसले आणि अर्धी भाकरी घेतली. मिलिंद सरांना ते गुरुजी म्हणायचे, आणि मिलिंद सर त्यांना अण्णा.

"तुमचं कोल्हारचं भाषण आमच्या संतोषनं ऐकवलं," अण्णा मला म्हणाले. संतोष हा त्यांचा पुतण्या. "बरं वाटलं ऐकून. पोरगं लई खूश हाय. गुलामी निमित्त हुतं म्हनला तुमी."

मिलिंद सर ताटाकडे बघत म्हणाले, "आणि आमच्या प्रज्ञाकडे सोनईचं आलंय."

प्रज्ञा त्यांची पुतणी, नर्सिंगला होती. ती दारातच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात एखादी हुशार मुलगी, आपण फळ्यावर चुकीचं लिहिलं की बघते, तसं.

अण्णा हसले. "मंग आज कळंलच की खरं कोनतं."

म्हणजे भाषणाला उभं राहण्याआधी मला सगळं माहीत होतं. अंधारात पकडलं गेलो, असं मला म्हणता येणार नाही.

त्या दिवशी भाषण देवळापुढे होतं. सतरंज्या दोन्हीकडच्या, माणसं मात्र आपापल्या बाजूला बसलेली, मधे वाटेपुरती जागा. मी त्यांना चर्चची गोष्ट सांगितली. देश फुटायच्या बऱ्याच आधी तिथली चर्चं फुटली. तेच भजन, तोच ग्रंथ, पण गुलाम बाळगणाऱ्या माणसाला बिशप म्हणायचं का, त्याला धर्मप्रसाराला पाठवायचं का, यावरून उत्तरेची मंडळी वेगळी झाली आणि दक्षिणेची वेगळी. जिथे दोन्हीकडचे लोक अजून एका बाकावर बसत होते ती जागाच गेली. मग एकमेकांचं म्हणणं ऐकायचं ते वर्तमानपत्रातून, तेही शिवीसारखं. अण्णा मान हलवत होते. लोक शांत होते. भाषण चांगलं झालं. युद्धाच्या कारणाविषयी मी एकही वाक्य स्पष्ट बोललो नव्हतो.

मग अण्णा उठले, त्यांनी माईक घेतला. "वस्तीचा प्रश्न असा हाय," ते म्हणाले. "सर सोनईला म्हनले, लढाई गुलामीवरनंच झाली. आन जे हक्क हक्क म्हनत्यात ते आजोबांची अब्रू झाकत्यात. तर सर हितं देवळापुढं तेच म्हनतील का?" एक शब्द त्यांनी गाळला नाही. अब्रू म्हणताना आवाज किंचित जड झाला, बस.

मिलिंद सरांनी माईक घेतला. "गावाचा प्रश्न. सर कोल्हारला म्हणाले, गुलामी हे निमित्त होतं, मूळ भांडण हक्कांचं होतं. मग आमच्या वाडवडलांनी जे केलं त्याचे बोल आम्हाला किती दिवस लावायचे? आम्ही कुणाला बांधून ठेवलंय?" तेही पूर्ण म्हणाले. स्वतःच्या आईसमोर, प्रज्ञासमोर.

दोघे माझ्याकडे बघत उभे राहिले. मला एकच वाक्य बोलायचं होतं. कोल्हारला मी चुकीचं बोललो. एवढंच. संतोष चिडला असता, पुढच्या रांगेतल्या चार जणांची तोंडं वाकडी झाली असती. अण्णांनी ते पचवलं असतं. ज्या माणसाने तो प्रश्न विचारला त्याची उत्तर ऐकायची तयारी होती.

मी म्हणालो, "दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. इतिहासाला अनेक बाजू असतात."

आणखी काहीतरी बोललो. समतोल, गुंतागुंत, असे शब्द होते. परीक्षेत मुलं उत्तर येत नसलं की असंच लिहितात.

संतोष उठून उभा राहिला. "म्हंजे आमचं बी खरं हाय. झालं तर. अण्णा, तुमी कशाला त्यांची वकिली करताय दर साली? ह्ये देऊळ आपलं, आन आपलाच मानूस हितं उभा ऱ्हाऊन आपल्या आजाची अब्रू काढतो."

"प्रश्न त्यांचा हाय, संतोष. म्या निस्ता इचारला."

"मंग त्यांचा त्येंनी इचारावा. आमचा आमी इचारू."

गावाच्या बाजूने टाळ्या पडल्या. प्रज्ञा उभी राहिली. ती माझ्याशी बोलली नाही, मिलिंद सरांशी बोलली. "काका, तो म्हणतोय ते बरोबर आहे. आम्ही कुणाला बांधून ठेवलंय, हे वाक्य तुमच्या तोंडून मला पुन्हा ऐकायचं नाही. ज्याला म्हणायचंय त्यानं स्वतः म्हणावं, आमच्याकडे बघून."

आणि वस्तीच्या बाजूनेही टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. अण्णांनी माईक खुर्चीवर ठेवला. तो घरंगळून खाली पडला आणि भोंग्यातून मोठा खरखराट झाला. कुणी तो उचलला नाही, म्हणून मी उचलला आणि बंद केला.

माझ्या विषयात अशा माणसांवर एक धडा आहे. उत्तरेत एक बोलायचं, दक्षिणेत दुसरं बोलायचं, संसदेत दोन्हींचं मिश्रण बोलायचं, आणि याला देश एकत्र ठेवणं म्हणायचं. मुलांना मी दरवर्षी सांगतो की युद्ध लांबवल्याचं श्रेय हे लोक घेत राहिले, आणि त्या प्रत्येक वर्षात युद्ध मोठं होत गेलं. त्यांची मी थोडी टिंगलही करतो. वर्गात हशा येतो.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बैठक झाली. मीही होतो, कारण मला कुठे जायचं ते कळत नव्हतं. कुणीतरी मला चहा आणून दिला. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला वाटत राहिलं. पुढच्या वर्षीपासून गावाची व्याख्यानमाला गावात, वस्तीची वस्तीत, हे पाच मिनिटांत ठरलं.

अण्णा मिलिंद सरांना म्हणाले, "गुरुजी, आज म्या पुढं चालायचो न्हाई. पोरं माझं ऐकायची न्हाईत. मधी कुनाचं डोकं फुटलं तर?"

"तुम्ही नसलात तर मिरवणूक देवळापुढून जात नाही, अण्णा."

"म्हाईत हाय मला."

"मग?"

अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "वड्याच्या अंगानं न्या. पानी न्हाई सध्या."

मिलिंद सर बरं म्हणाले. दोघे एकमेकांच्या पायांकडे बघत होते. संध्याकाळी मिरवणूक खरोखर ओढ्याच्या कोरड्या पात्रातून गेली, गाडीचं चाक वाळूत रुतलं आणि ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवून ती ढकलली, हे मला नंतर फोनवर कळलं. गिरणी आणि दुकान यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

जामखेड

मला सोडायला मिलिंद सरच आले. दुसरं कुणीही चाललं असतं, पण पाहुण्याला आणलं त्यानेच पोचवायचं, असं त्यांच्या आईने सांगितलं होतं. खर्ड्याचा किल्ला डाव्या हाताला गेला. उन्हात त्याची तटबंदी चांगली दिसत होती, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी तसं म्हणालो. ते हं म्हणाले.

बरंच अंतर गेल्यावर मी म्हणालो, "सर, कोल्हारला मी बोललो ते खरं नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं."

ते समोर बघत गाडी चालवत राहिले. "मला काल जेवतानाच कळलं होतं," ते म्हणाले. "सोनईचं नाव काढल्यावर तुम्ही भाकरी चावायचं थांबलात."

"मग तुम्ही तिथेच का नाही बोललात?"

"मी बोलून काय? वस्तीचा माणूस वस्तीचंच बोलणार. तुम्ही पाहुणे. तुमचं त्यांनी ऐकलं असतं. संतोषनं नसतं ऐकलं. अण्णांनी ऐकलं असतं." गिअर बदलत म्हणाले, "अण्णांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांना आमच्या पुढे चालायला काहीतरी धरायला पाहिजे होतं."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. रस्त्याच्या कडेला एका चिंचेखाली थांबवली, इंजिन चालूच ठेवलं.

"अजून दुपार व्हायचीय," ते म्हणाले. "मिरवणूक संध्याकाळी आहे. अण्णा आता घरीच असतील. परत वळवू का? लोक गोळा करायची गरज नाही. त्यांच्या ओट्यावर बसून त्यांना एकट्याला सांगा. आत्ता मला सांगितलंत तेवढंच."

ते माझ्याकडे बघत नव्हते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होते. आवाजात विनवणी नव्हती. विनवणी असती तर मला कदाचित रागावता आलं असतं.

मी घड्याळात बघितलं.

"बस चुकेल हो," मी म्हणालो.

त्यांनी आरशात बघितलं, मागून ट्रक येत होता, तो जाऊ दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. स्टँडवर त्यांनी माझी बॅग उतरवून दिली, पाण्याची बाटली आणून दिली, नमस्कार केला. मीही केला. ओम्नी वळून खर्ड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी उभा राहून बघत होतो.

चौकशीच्या खिडकीवर विचारलं. नगरची बस तासभर उशिरा होती.